ऑडिटचा बोकड

पारमळ्यातल्या बोकडांना दोनच गोष्टींची धास्ती असायची, एक जत्रेची आणि दुसरी ऑडिटची. जत्रा निदान देवाच्या नावानं भरते. ऑडिट कुणाच्या नावानं असतं हे गावात कुणालाच धड सांगता आलं नसतं. पण ते वर्षातून एकदा येतं, दौंडच्या रस्त्यानं येतं आणि भुकेलं येतं, एवढं मात्र पोरासोरांनाही ठाऊक होतं.

निमोण्याच्या पुढं, उसाच्या आणि फुलांच्या मळ्यांत दडलेलं हे लहानसं गाव. ग्रामपंचायतीचे हिशेब तपासायला सरकारी साहेब आला की पंचायतीच्या सदस्यांपैकी एकानं घरचा बोकड द्यायचा, पिंपळाखाली चूल मांडायची आणि साहेबासकट सगळ्यांनी ताव मारायचा. बोकडाचा मान दरसाल एका घरातून दुसऱ्या घरी फिरायचा. ही रीत बापूसाहेबांनी सुरू केली. ते कितीतरी वर्षं गावचे सरपंच होते. भरल्या मिशांचा, भरल्या अंगाचा माणूस. दुसऱ्याला जेवताना पाहून ज्यांचं पोट भरतं अशातले ते होते, फक्त त्यानंतर स्वतःही पोटभर जेवायचे. त्यांनी पंचायतीचा पैसा खाल्ला असं त्यांचा वैरीही म्हणणार नाही. त्यांनी खाल्लं ते मटण.

आता ऑडिटला फी असते. ज्याची तपासणी त्यानं ती भरायची, असं सरकारचं म्हणणं. तसं पत्र पारमळ्याला दरवर्षी यायचं, आणि दरवर्षी पंचायतीच्या बैठकीत ते मोठ्या गांभीर्यानं वाचलं जायचं. फी भरा म्हणे, अहो, अख्खा बोकड भरला की! मग ठराव व्हायचा, की ऑडिटसाहेबांना सन्मानपूर्वक जेवण देण्यात आलं आहे, सबब फी मिटली. ठरावाची नक्कल खात्याला जायची. खात्याकडून पुढच्या वर्षी पुन्हा तेच पत्र यायचं. दोन्ही बाजूंनी असा अगदी प्रामाणिक पत्रव्यवहार चालला होता आणि कुणीच कुणाचं वाचत नव्हतं.

गेल्या निवडणुकीत सरपंचपद बाईसाठी राखीव झालं आणि कस्तुराबाई निवडून आल्या. घरची शेवंती, झेंडू, थोडी गवार. पंचावन्न वर्षांची काटक बाई, बोलायला गोड आणि हिशेबाला पक्की. फुलांचे क्रेट घेऊन त्या स्वतः मार्केटला जायच्या आणि काट्यावर नजर ठेवून उभ्या राहायच्या, त्यामुळं आडत्यांच्यात त्यांचं नाव निघालं की माणसं जरा सरळ बसायची. सरपंच झाल्याचा त्यांना आनंद होता. फक्त एक गोष्ट त्यांच्या ध्यानातच आली नव्हती. यंदा बोकडाचा मान त्यांचा होता, आणि त्यांच्या घरी बोकड एकच होता.

त्याचं नाव हवालदार. जुळ्यांतला धाकटा, आईनं पाजायला नाकारलेला. कस्तुराबाईंनी त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. काळाभोर, कपाळावर पांढरा ठिपका, आणि फाटकात असा उभा राहायचा की ओळखीच्या माणसालाही आत यायला परवानगी मागावीशी वाटावी. त्या पंचायतीत निघाल्या की हा मागं मागं जायचा आणि मिटिंग संपेपर्यंत दारात उभा राहायचा. पंचायतीचा शिपाई दत्ता त्याला येताजाता सॅल्यूट ठोकायचा.

ऑडिटची तारीख आली तसे बापूसाहेब मळ्यात आले. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले आणि उठता उठता हवालदाराच्या पाठीवरून हात फिरवून त्यांनी बोटांनी नीट चाचपलं. झ्याक झालाय, म्हणाले. शिरूरच्या बाजारातून याच्या दुप्पट बोकड आणून देते, असं कस्तुराबाईंनी सुचवून पाहिलं. बापूसाहेबांनी मान हलवली. मानाचा बोकड घरचाच लागतो, विकतचा चालत नाही, हे काय त्यांनी कस्तुराबाईंना सांगायला हवं होतं का?

"साहेब उपाशी गेला तर आक्षेप लिवतो," ते समजुतीनं म्हणाले. "पैल्याच वर्षी तुमच्या नावावर आक्षेप पडला, तर गाव म्हणंल बाईला जमलं न्हाई. मला तसं नको हाय, कस्तुराबाई. मी तुमच्या भल्याचंच सांगतोय."

आणि वाईट हेच होतं, की ते खरोखरच भल्याचं सांगत होते. त्या संध्याकाळी कस्तुराबाईंनी हवालदाराला गवारीच्या कोवळ्या शेंगा घातल्या आणि त्याच्याकडे बघायचं टाळलं. उगाच स्वतःवर चिडल्या. बोकड तो बोकड, त्याच्यासाठी डोळे भरून यायला काय झालं? पण भरून आले ते आलेच.

ऑडिटवाले साहेब आले ते स्कूटीवरून, आणि ते साहेब नव्हतेच. हेल्मेट काढल्यावर आतून अनुपमा नावाची तिशीची पोरगी निघाली. पाठीवर लॅपटॉप, हातात स्टीलचा डबा. राहायला दौंडला. हवालदार पंचायतीच्या दारात आडवा उभा होता. तिनं त्याला शिंगांच्या मधोमध खाजवलं, त्याचं नाव विचारलं आणि नाव ऐकून त्याला सॅल्यूट केला. हवालदारानं तिला लगेच आत सोडलं. कस्तुराबाईंना ती तेवढ्यावरच आवडली, आणि ही पोरगी परवा याचंच मटण खाणार हे आठवून त्या घाईनं चहा सांगायला वळल्या.

पण अनुपमा काही खाईच ना. चहा आला, तिनं हात जोडले. ताक आलं, हात जोडले. पाणी स्वतःच्या बाटलीतलं आणि दुपारी डबा स्वतःचा. पारमळ्यात हे आजवर कुणी केलं नव्हतं. गावात कुजबुज सुरू झाली, की मॅडम फार कडक आहे, पंचायतीचं काही खरं नाही. ग्रामसेवक भाऊसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. बापूसाहेब मात्र ठाम होते. तपासणी तिसऱ्या दिवशी संपणार, तर तिसऱ्या दिवशी चूल पेटणारच. मॅडम खात नसल्या म्हणून बाकीच्यांनी उपाशी राहायचं का, असा त्यांचा बिनतोड सवाल होता. खाटकाला सांगावाही गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कस्तुराबाई धीर करून आत गेल्या आणि खुर्ची ओढून समोर बसल्या.

"मॅडम, आमचं पाणीसुद्धा का चालत न्हाई तुमाला? आमी माळी हाय म्हून का आणखी काय, सरळ सांगा."

अनुपमाचा चेहरा पडला. ती खुर्ची सरकवून त्यांच्या जवळ आली. तसलं काही नाही, म्हणाली. माझे वडील रेल्वेत होते, आमच्या क्वार्टरमध्ये सगळ्या जातीचं सगळं चालायचं. "पण मावशी, तुमची पंचायत माझ्या तपासणीची फी भरते. सरकार मला पगार देतं, आणि त्या कामाचा खर्च म्हणून तुमच्याकडून फी घेतं. म्हणजे माझं पोट तुम्ही आधीच भरलेलं आहे. वर जेवायला बसले तर एका कामाचं दोनदा घेतल्यासारखं होईल."

कस्तुराबाईंना हे एकदम पटलं, कारण मार्केटला हमाली दिल्यावर वरनं चहापाण्याला मागणाऱ्या हमालाचा त्यांना मनस्वी राग होता.

"पण तुम्ही फी भरलीच नाहीये," अनुपमा हळूच म्हणाली.

"भरली की. दर साली बोकड देतोय."

अनुपमाला आधी वाटलं, त्या चेष्टा करतायत. मग तिनं फाइल ओढून जुने ठराव काढले. पहिला वाचला, ओढणी तोंडाला लावली. दुसरा वाचला आणि टेबलावर डोकं टेकवून हसायला लागली. डोळ्यांतून पाणी आलं तरी हसू थांबेना. दारातून हवालदारानं आत डोकावून पाहिलं. कस्तुराबाईंना आधी राग आला, मग त्यांनाही हसू फुटलं, आणि सरपंच नि ऑडिटर दोघी एकमेकींकडे बघत इतक्या हसल्या की भाऊसाहेबांना बाहेर वाटलं आत कुणीतरी रडतंय.

हसू ओसरल्यावर अनुपमानं सरळ सांगितलं. पंचायतीचे बाकीचे हिशेब ठीक होते, चुका होत्या त्या किरकोळ. मोठा आक्षेप एकच, की आजवरच्या तपासणीची फी भरलेली नाही. उद्या तिचं काम संपायच्या आत फी जमा झाली तर ती तसं लिहील. नाही झाली, तर आक्षेप राहील आणि त्याच्यासोबत हे सगळे ठराव जोडावे लागतील. म्हणजे पारमळ्याचे बोकड पुण्यापर्यंत वाचले जातील.

किती होतात ते ऐकून कस्तुराबाईंनी हिशेब केला. इतक्या वर्षांची सगळी फी मिळूनही खाल्लेल्या बोकडांच्या निम्म्या किमतीत बसत होती. शेवंतीचे पैसे नुकतेच आलेत, उद्या मीच भरून टाकते, असं त्या म्हणाल्या. अनुपमानं मान हलवली.

"तुमच्या खिशातून भरलीत, तर मी तुमची माणूस झाले. मग बोकड काय आणि पैसे काय, फरक कुठं राहिला? ती पंचायतीच्या पैशातूनच आली पाहिजे. सगळ्या गावाच्या."

पंचायतीचा स्वतःचा पैसा म्हणजे घरपट्टी आणि पाणीपट्टी. आणि घरपट्टी पारमळ्यात कुणी मागितल्याशिवाय देत नव्हतं, मागितली तर मागणाऱ्यालाच चार गोष्टी सुनावत होतं.

कस्तुराबाई उठल्या, दारापर्यंत गेल्या, हवालदाराचा कान धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांसमोर मार्केटचा काटा आला. तोलाई आपण देतो म्हणून काटा आपल्यासमोर होतो, आणि कमी दिसलं तर आपण ओरडतो. हीच तर गोष्ट. गाव फी देणार असेल, तर काटा गावासमोर झाला पाहिजे. त्या परत फिरल्या. उद्या ग्रामसभा घेतली तर लोकांच्या प्रश्नांना उत्तर द्याल का, असं त्यांनी विचारलं. कागदावर जेवढं आहे तेवढं सांगेन, अनुपमा म्हणाली, आणि तिचा चेहरा उजळला. आजवर तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

तासाभरात देवळाच्या स्पीकरवरून दत्ताचा आवाज गावभर घुमला. उद्या सकाळी पिंपळाखाली ग्रामसभा. ऑडिटच्या मॅडम पंचायतीचा हिशेब तोंडी सांगणार. सभेला कुणीही यावं, पण प्रश्न विचारायचा पहिला नंबर घरपट्टीची पावती असणाऱ्याचा. शिवाय जेवण नाही, ज्यानं त्यानं आपापला डबा आणावा. हे शेवटचं वाक्य दत्ताला स्वतःलाच पटेना, म्हणून त्यानं ते दोनदा सांगितलं.

पारमळ्याच्या माणसाला घरपट्टी जड जाते, पण शेजाऱ्याच्या दारातल्या नळाचं पंचायतीच्या कागदात काय लिहिलंय हे जाणून घ्यायला तो वाटेल ते देईल. पहिल्या आल्या सिंधूबाई. लुगड्याच्या सोग्यात बांधलेल्या नोटा त्यांनी टेबलावर मोकळ्या केल्या आणि पावती ब्लाउजमध्ये खोचून म्हणाल्या, उद्या बघतेच. मग रांगच लागली. सणसवाडीला कंपनीत असलेल्या पोरांनी फोनवरनं पैसे धाडले आणि बापाला पावती घ्यायला पिटाळलं. ज्यांच्याकडे दहा वर्षांची बाकी होती तेही आले आणि इतके दिवस कुणी मागायला का आलं नाही म्हणून भाऊसाहेबांवरच डाफरले. भाऊसाहेबांना एक पावतीपुस्तक संपवून दुसरं काढावं लागलं, असं त्यांच्या नोकरीत प्रथमच घडत होतं.

फक्त बापूसाहेब तेवढे आले नव्हते. गावातला सर्वांत मोठा बंगला त्यांचा, घरपट्टीही सर्वांत मोठी, आणि रक्कम पुरी व्हायला नेमकी तेवढीच कमी पडत होती. कस्तुराबाईंचा जीव टांगणीला लागला.

सकाळी खाटीक सुरा घेऊन पिंपळाखाली येऊन बसला, त्याला कुणी नको म्हणून सांगितलंच नव्हतं. हवालदार पंचायतीच्या दारात. आणि त्याच वेळी पांढऱ्या कडक इस्त्रीत बापूसाहेब आले. त्यांनी खाटकाकडे पाहिलं, हवालदाराकडे पाहिलं, मग चांगली पंधरा माणसं पुढं असलेल्या रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. कुणीतरी पुढं व्हा बापूसाहेब म्हणालं, तर त्यांनी डोळे वटारले. नंबर आला तसं पाकीट काढलं.

"मलाबी एक सवाल इचारायचाय," ते म्हणाले. "भाऊसाहेब, पावती नीट फाडा."

फी भरली गेली. चेकवर कस्तुराबाईंनी सही केली. पैसे खाल्लेल्या बोकडांच्या निम्म्या किमतीचेही नव्हते, पण त्यात सिंधूबाईंच्या सोग्यातले होते, कंपनीतल्या पोरांचे होते आणि रांगेत उभ्या राहिलेल्या बापूसाहेबांचेही होते. असा चेक त्यांनी आजवर लिहिला नव्हता.

सभा रंगली ती विचारू नका. सिंधूबाईंनी पावती डोक्यावर धरून विचारलं, की त्यांच्या दारात अंधार आणि बापूसाहेबांच्या फाटकाशी दिवसाढवळ्या दिवा का जळतो? अनुपमानं कागद पाहिला. कागदानुसार तो दिवा सिंधूबाईंच्याच दारात होता. सभा खदखदून हसली. बापूसाहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. खांब रोवायला आलेल्या माणसांना ऊन लागत होतं म्हणून मीच सावलीत रोवायला सांगितलं होतं, ते म्हणाले, आणि उद्या तो हलवून देतो असं सभेपुढं कबूल केलं. मग बोअरची मोटर, मग शाळेचं पत्र्याचं छप्पर, मग स्मशानाचा रस्ता. अनुपमा एकेका प्रश्नाला कागद काढायची आणि साध्या शब्दांत सांगायची. जिथं पैसे बरोबर खर्च झाले होते तिथं ते सांगतानाही तिचा आवाज खुलायचा. कस्तुराबाई बघत होत्या. आपली पंचायत इतकी बरी आहे हे गावाला आजच कळत होतं, आणि त्यांचा ऊर भरून आला.

शेवटी बापूसाहेब उठले. पावतीची घडी उलगडून त्यांनी सगळ्यांना दाखवली.

"माझा सवाल बोकडाचा हाय. इतकी वर्सं गावानं साहेबलोकांना मानानं जेवाय घातलं. त्येचं तुमच्या हिशेबात काय?"

अनुपमा उभी राहिली.

"काहीच नाही, आबा. ते जेवण पंचायतीचं नव्हतं, घरांचं होतं. ते मला तपासता येत नाही. फी वेगळी आणि पाहुणचार वेगळा, एवढंच मला लिहिता येतं."

"म्हंजी फीसाठी बोकड नको."

"नको."

बापूसाहेब मिशीवर हात ठेवून विचारात पडले. मग त्यांचं पोट हलायला लागलं, मग खांदे, आणि मग ते मोठमोठ्यानं हसायला लागले. "आन् ते मला आज सांगतीस व्हय," ते कसेबसे म्हणाले, "इतकी बोकडं गेल्यावर!" सगळी सभा हसली. खाटकानं सुरा फडक्यात गुंडाळला आणि घरी फोन करून आपलाही डबा मागवून घेतला. कस्तुराबाई कुणाला दिसू नये म्हणून पिंपळाच्या खोडाकडे तोंड करून पदरानं डोळे टिपत होत्या, पण सगळ्यांना दिसत होतंच.

डबे उघडले. एकाची भाकरी, दुसऱ्याचा ठेचा, कुणाचं पिठलं, असं पिंपळाखाली गावजेवणच सुरू झालं, फक्त यजमान कुणी नव्हता. दोघंच रिकाम्या हातांनी बसले होते. एक हवालदार आणि दुसरे बापूसाहेब. स्पीकरवरचं डब्याचं वाक्य त्यांनी दोनदा ऐकलं होतं, पण तसं कधी घडेल यावर त्यांचा विश्वासच बसला नव्हता. आज मटण म्हणून त्यांनी घरी स्वयंपाक करू नका म्हणून सांगितलं होतं. आता ते आकाशाकडे बघत होते, जणू काही त्यांना भूक नव्हतीच.

कस्तुराबाई आपली भाकरी घेऊन उठणार तोच अनुपमा त्यांच्या पुढं गेली. तिनं आपला डबा बापूसाहेबांसमोर ठेवला. दोन चपात्या, मेथीची भाजी, शेंगदाण्याची चटणी.

बापूसाहेबांनी डब्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "नियमात बसतंय का पर हे?"

"माझ्या डब्याचं ऑडिट होत नाही, आबा. जेवा."

त्यांनी पहिला घास घेतला आणि मान डोलावली. मग अर्धी चपाती मोडून बाजूला धरली. हवालदार पुढं आला. मळ्यात ज्या बोटांनी त्याची पाठ चाचपली होती त्याच बोटांतून त्यानं चपाती घेतली आणि पुन्हा पंचायतीच्या दारात जाऊन उभा राहिला.